एअरबॅगचा दिवा विझत नसेल, तर आधी हॉर्न वाजवून बघा

गाडी व्यवस्थित चालते आहे. इंजिनाचा आवाज नेहमीचाच, ब्रेक नीट लागतात, तेल-पाणी ठीक. फक्त डॅशबोर्डवर एक छोटं चित्र लाल होऊन बसलंय: सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्या समोर एक गोल. दोन दिवस मनाला टोचतं, मग सवय होते. त्या दिव्यासकट महिनोन्‌महिने फिरणाऱ्या बऱ्याच गाड्या मी पाहिल्यात. त्यांतली एक माझीच होती.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा गॅरेजमध्ये स्कॅनर लावून तो विझवून दिला. आठवड्यानं परत लागला, परत विझवला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मी गेलोच नाही. मग एका वळणावर सायकलवरचा मुलगा अचानक समोर आला, मी हॉर्न दाबला आणि हॉर्न वाजला नाही. ब्रेक लागला म्हणून निभावलं. स्टिअरिंग सरळ केल्यावर तोच हॉर्न खणखणीत वाजला. दिवा आणि हॉर्न एकच तक्रार करत होते, आणि दिव्यापेक्षा हॉर्न ती जास्त स्पष्ट सांगत होता, हे मला त्या दिवशी कळलं. हा लेख त्यासाठीच आहे. दिव्याबरोबर गाडी आणखी काय काय सांगत असते ते ऐकता आलं, तर बिघाड कुठे आहे याचा पुष्कळसा अंदाज गॅरेजला जाण्याआधीच बांधता येतो.

## हजेरी घेणारा छोटा संगणक

इंजिन, ब्रेक, टायर बिघडले की चालवताना जाणवतं. एअरबॅगचं तसं नाही. ती वर्षानुवर्षं घडी घालून पडलेली असते आणि लागली तर एकदाच लागते. वापरून बघायची सोय नाही. त्यामुळे न वापरताच ती ठीक आहे की नाही हे तपासत राहण्याची व्यवस्था गाडीतच करावी लागली. डॅशबोर्डवरचा दिवा हे त्या व्यवस्थेचं तोंड.

व्यवस्था अशी. गाडीच्या पुढच्या भागात आणि बाजूंना धडक ओळखणारे सेन्सर असतात. मध्यभागी, बहुतेक गाड्यांत गिअरजवळच्या कन्सोलखाली, एक छोटा संगणक असतो. त्याला मॉड्यूल म्हणतात. प्रत्येक एअरबॅगच्या मागे धातूचा एक डबा असतो. त्यात घन रसायन असतं आणि ते पेटवणारी एक अगदी बारीक तार असते, तिला इग्नायटर म्हणतात. धडक जोराची आहे असं मॉड्यूलला कळलं की ते इग्नायटरला विजेचा झटका देतं, रसायन पेटून वायू होतो आणि पिशवी फुगते. धडकेपासून पिशवी फुगेपर्यंत साधारण ५० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. पापणी लवायलासुद्धा याच्या किमान दुप्पट वेळ लागतो.

आता हजेरीचा भाग. गाडी चालू केली की मॉड्यूल प्रत्येक इग्नायटरमधून अगदी किंचित वीज सोडून बघतं आणि पुढे गाडी चालू असेपर्यंत हे तपासणं सुरूच राहतं. इग्नायटर विजेला ठरावीक अडथळा करतो. त्या अडथळ्याला रेझिस्टन्स म्हणतात आणि तो साधारण २ ओहम असतो. तेवढा मिळाला की मॉड्यूलच्या दृष्टीनं ती एअरबॅग हजर. फार जास्त मिळाला तर तार कुठेतरी तुटली आहे किंवा जोड सैल आहे. फार कमी मिळाला तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत. दोन्ही वेळा मॉड्यूल दिवा लावतं आणि स्वतःच्या वहीत एक नोंद करतं. त्या नोंदीला फॉल्ट कोड म्हणतात.

तपासणीसाठी सोडलेल्या विजेनंच एअरबॅग फुटली तर? तसं होत नाही. इग्नायटर पेटायला साधारण एक अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह लागतो आणि तपासणीचा प्रवाह त्याच्या छोट्या अंशाइतकाच असतो.

दिव्याचा अर्थ म्हणूनच मर्यादित आहे. वर्गात कुणीतरी 'हजर' म्हणालं नाही, एवढंच तो सांगतो. ते आजारी आहे, दाराबाहेर उभं आहे, की हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नाही, हे शोधायचं काम आपलं. अनुभव असा की बऱ्याचदा मुलगा ठणठणीत असतो आणि हाकच पोचलेली नसते. म्हणजे एअरबॅग चांगली असते, बिघडलेली असते तिच्यापर्यंत जाणारी वाट.

## स्टिअरिंगच्या पोटातली गुंडाळी

ती वाट सगळ्यात नाजूक असते स्टिअरिंगमध्ये, कारण तिथे एक अडचणच आहे. ड्रायव्हरची एअरबॅग, हॉर्नचं बटण, आवाज कमी-जास्त करायची आणि क्रूझ कंट्रोलची बटणं हे सगळं स्टिअरिंगवर बसलेलं आणि स्टिअरिंगबरोबर गोल फिरणारं. मॉड्यूल मात्र जागेवर स्थिर. साधी वायर जोडली तर दोन-तीन वळणांत पिळून तुटेल.

एअरबॅग येण्याआधीच्या गाड्यांत फक्त हॉर्नचा प्रश्न होता. तिथे एक पितळी कडं आणि त्यावर घासत राहणारा स्प्रिंगचा खिळा एवढ्यावर भागत असे. खिळा क्षणभर उचलला गेला तर हॉर्न जरासा अडखळायचा, बिघडायचं काही नाही. एअरबॅगला तो क्षणसुद्धा परवडत नाही, कारण तिचं सगळं काम त्याच क्षणात असतं. त्यासाठी सलग, न तुटणारी वायर हवी आणि तरी ती फिरायला हवी.

यातून निघालेली वस्तू म्हणजे क्लॉक स्प्रिंग. काही कंपन्या तिला स्पायरल केबल म्हणतात. स्टिअरिंगच्या मागे बसणारा हा बांगडीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा चपटा डबा. आत रिबिनीसारखी पातळ पट्टी चावीच्या घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि पट्टीत तांब्याच्या बारीक रेघा असतात. स्टिअरिंग एकीकडे फिरवलं की गुंडाळी घट्ट होते, दुसरीकडे फिरवलं की सैल होते, पण वायर सलगच राहते. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेरे फिरतं. गुंडाळीत त्याहून थोडे जास्त फेरे ठेवलेले असतात, फार जास्त मात्र नाहीत.

पत्र्याची पट्टी किंवा तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून तोडण्याचा उद्योग लहानपणी सगळ्यांनीच केलाय. या पट्टीचंही तेच होतं, फक्त अनेक वर्षांत. गाडी लावताना, काढताना, प्रत्येक वळणावर ती वाकते आणि सरळ होते. मग एक रेघ चिरते. सुरुवातीला चिरेची दोन टोकं एकमेकांना टेकूनच असतात, त्यामुळे स्टिअरिंग सरळ असताना सगळं ठीक असतं आणि वळवलं की संपर्क जातो. कधी लागणारा, कधी न लागणारा दिवा बहुतेक वेळा याच अवस्थेतला असतो. पुढे टोकं कायमची दूर होतात.

दोष दर वेळी वापराचाच असतो असंही नाही. एप्रिल २०१४ मध्ये टोयोटानं वेगवेगळ्या दोषांसाठी जगभरातल्या मिळून जवळपास ६४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांतला एक मोठा दोष ड्रायव्हरच्या एअरबॅगला जोडणाऱ्या स्पायरल केबलचाच होता.

## कोण कोण एकाच वेळी गप्प झालं?

निदानाची खरी किल्ली माझ्या मते या प्रश्नात आहे. इमारतीत एकाच घरात अंधार झाला तर आपण त्या घराचा फ्यूज बघतो. एका जिन्यावरच्या सगळ्याच घरांत अंधार झाला तर बिघाड त्या जिन्यावरून जाणाऱ्या वायरमध्ये आहे हे कुणालाही कळतं. स्टिअरिंगवरच्या सगळ्या वस्तूंचा जिना एकच, तो म्हणजे क्लॉक स्प्रिंग.

म्हणून दिवा लागला की गाडी मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि हॉर्न वाजवून बघा. मग स्टिअरिंगवरचं प्रत्येक बटण दाबून बघा. नंतर स्टिअरिंग हळूहळू एका टोकापर्यंत, मग दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि मध्येमध्ये थांबून हेच परत करा. आत काही घासल्यासारखा, कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो का, तेही ऐका.

दिवा लागलाय आणि हॉर्न किंवा बटणंही मेली आहेत, किंवा विशिष्ट कोनातच चालतात, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर आणि तिच्या जोडांवर. दिवा नाही आणि फक्त हॉर्न वाजत नाही, तर आधी फ्यूज, रिले आणि समोर बसवलेला हॉर्न स्वतः. उगाच स्टिअरिंग उघडू नये. दिवा लागलाय आणि स्टिअरिंगवरचं सगळं सुरळीत आहे, तरीही क्लॉक स्प्रिंग निर्दोष ठरत नाही, कारण पट्टीतल्या अनेक रेघांपैकी एअरबॅगचीच तेवढी तुटलेली असू शकते. पण मग इतर जागाही तितक्याच संशयित होतात.

त्यांतली पहिली जागा पुढच्या सीटखाली. सीटच्या कडेची एअरबॅग, अपघातात बेल्ट खेचून घट्ट करणारी यंत्रणा, सीटवर कुणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सर, या सगळ्यांच्या वायरी सीटखाली असतात आणि सीटबरोबर पुढे-मागे ओढल्या जातात. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात, ते ओळखीसाठीच. सीटखाली सरकवलेली छत्री, बाटली, व्हॅक्यूम क्लीनरचं नळकांडं यांपैकी कशानंही तो कनेक्टर हलतो. सीट सरकवल्यावर किंवा गाडी आतून साफ केल्यावर दिवा लागला असेल तर गॅरेजमध्ये ते पहिल्याच वाक्यात सांगा.

दुसरी गोष्ट बॅटरी. ती उतरली असेल, दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून सुरू केली असेल, तर व्होल्टेज पडल्यामुळेही मॉड्यूल तक्रार नोंदवतं. तिसरी गोष्ट पाणी. गाडीत पाणी शिरलं, गालिचा ओला राहिला, कन्सोलवर पेय सांडलं, तर खाली बसलेल्या मॉड्यूलच्या आणि कनेक्टरच्या पिना गंजतात, आणि दिवा कदाचित काही महिन्यांनी लागतो. तोवर ते सांडलेलं कुणाच्या लक्षातही नसतं.

एअरबॅगच्या दिव्याबरोबर गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा दिवाही लागला, तर तो वेगळा इशारा समजावा. स्टिअरिंग किती वळलंय हे मोजणारा सेन्सर अनेक गाड्यांत क्लॉक स्प्रिंगच्याच डब्यात किंवा तिला चिकटून असतो. शेजारी शेजाऱ्याबरोबर बुडतो. स्टिअरिंग जड होणं मात्र क्लॉक स्प्रिंगचं लक्षण नाही. ते पॉवर स्टिअरिंगचं दुखणं, त्याचा दिवाही वेगळा.

## स्कॅनरनं कोड दिला, मग भाग बदलायला काय हरकत?

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कोड भागाचं नाव सांगत नाही, वाटेचं सांगतो. 'ड्रायव्हरच्या एअरबॅगच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स जास्त' असा कोड आला, तर दोषी एअरबॅग असेल, तिच्या मागचा कनेक्टर असेल, क्लॉक स्प्रिंग असेल, तिच्याखालचा कनेक्टर असेल किंवा मॉड्यूलपर्यंतची वायर. कोड वाचून थेट नवी एअरबॅग मागवणं म्हणजे हाक ऐकू आली नाही म्हणून मुलाचं नावच शाळेतून काढणं.

चांगला मेकॅनिक बॅटरी काढून, थांबून, एअरबॅग सोडवतो आणि तिच्या जागी तपासणीसाठी बनवलेला सुमारे २ ओहमचा रेझिस्टर जोडतो. मग कोड गेला तर बिघाड एअरबॅगमध्ये किंवा तिच्या जोडात. कोड तसाच राहिला तर बिघाड त्याच्या अलीकडे, म्हणजे मॉड्यूलच्या बाजूला. मग तो रेझिस्टर क्लॉक स्प्रिंगच्या अलीकडे नेऊन परत बघतो. दोन-तीन पायऱ्यांत बिघाड कोंडीत सापडतो. तुमच्या गाडीसाठी हे केलं का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

यात एक बारकावा फसवतो. एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये एक छोटी धातूची पट्टी असते. कनेक्टर काढला की ती दोन पिना आपोआप एकमेकींना जोडते, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेनं वगैरे इग्नायटर पेटू नये. कनेक्टर परत पूर्ण आत बसला की पट्टी बाजूला सरते. तो अर्धवट बसला तर पट्टी तशीच टेकलेली राहते आणि मॉड्यूलला रेझिस्टन्स फार कमी दिसतो. त्यामुळे स्टिअरिंगचं किंवा डॅशबोर्डचं काही काम झाल्यावर लगेच 'रेझिस्टन्स कमी' असा कोड आला, तर तुटलेलं काहीच नसून कनेक्टर नीट बसवणं एवढंच बाकी असू शकतं.

घरी वापरायच्या स्वस्त कोड-रीडरवर अनेकांचा भरवसा असतो. बिघाडांच्या कोडचे चार गट आहेत: पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारख्या गोष्टी, बी म्हणजे एअरबॅगसह गाडीच्या आतलं सगळं आणि यू म्हणजे संगणकांमधलं आपसातलं बोलणं. साधी रीडर बहुधा फक्त पी गट वाचतात. त्यावर 'एकही बिघाड नाही' असं आलं तर त्याचा एअरबॅगशी संबंध नाही.

## घरच्या घरी उघडून बघितलं तर?

उघडू नका. ही सूचना मी ठामपणे करतो, कारण गाडीतल्या बाकीच्या वस्तूंवर चुका करत शिकता येतं, एअरबॅगवर येत नाही. पिशवी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं बाहेर येऊ शकते. समोर तोंड असेल तर इजा गंभीर होते.

एअरबॅगच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावून रेझिस्टन्स मोजायचा मोह होतो. मल्टीमीटर तो मोजतानाच स्वतःची वीज आत सोडतो, आणि तुमच्या हातातला मीटर नेमकी किती सोडतो हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून लागलेल्या किंवा सुट्या, कुठल्याही एअरबॅगला मीटर लावायचा नाही. बॅटरी काढली की धोका संपला असंही नाही. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुगावी म्हणून मॉड्यूलमध्ये वीज साठवणारे कपॅसिटर असतात. ते रिकामे व्हायला वेळ लागतो. कुठे एक मिनिट, कुठे तीन, कुठे दहा, हे त्या त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पिवळ्या कनेक्टरला चावी चालू असताना हात लावायचा नाही, 'जरा हलवून बघू' म्हणूनसुद्धा नाही.

## क्लॉक स्प्रिंग बदलली की काम संपलं का?

बसवण्यात चूक झाली तर नवीही आठवड्यात तुटते. गुंडाळीला दोन्हीकडे सारखे फेरे मिळावेत म्हणून ती बरोबर मधोमध धरून बसवावी लागते, समोरची चाकं सरळ ठेवून. नव्या डब्यावर ती मधोमध अडवून ठेवणारी पिन किंवा पट्टी असते. ती स्टिअरिंग बसवायच्या वेळीच काढायची. एका बाजूला दोन फेरे कमी पडले, की पहिल्याच पूर्ण वळणावर पट्टी ताणून तुटते.

जुनी चांगली क्लॉक स्प्रिंगही अशीच मरते. स्टिअरिंगच्या खालच्या भागाचं काम करताना दांडा मोकळा सोडला आणि वर कुणी स्टिअरिंग गरागरा फिरवलं, की आतली पट्टी गेली. असं काम झाल्यावर दिवा किंवा हॉर्न बिघडला तर योगायोग समजू नका. बदलल्यानंतर अनेक गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरला 'सरळ म्हणजे कुठे' हे स्कॅनरनं नव्यानं शिकवावंही लागतं.

## 'बेल्ट लावतो ना, मग दिवा असला तर असू दे'

हे मी बऱ्याचदा ऐकतो, आणि बेल्ट लावणाऱ्याचं कौतुकच आहे. बेल्ट हेच पहिलं संरक्षण, एअरबॅग त्याला पूरक. पण बेल्ट खेचून घट्ट करणारी यंत्रणा याच मॉड्यूलवर चालते आणि तिच्यासाठीही हाच दिवा लागतो. कुठल्या बिघाडात नेमकी एकच एअरबॅग बंद ठेवायची आणि कुठल्या बिघाडात सगळी यंत्रणा, हे प्रत्येक कंपनी वेगळं ठरवते. त्यामुळे दिवा लागलेला असताना कुठलीही एअरबॅग फुगेल असं धरून चालू नये.

चालता चालता पिशवी अचानक तोंडावर फुटेल ही भीती मात्र बहुतेक लोक जास्त धरतात. तुटलेल्या वाटेतून झटका जात नाही, म्हणून जास्त शक्यता गरजेच्या वेळी न फुगण्याचीच असते. आणि दिवा आपोआप विझला तर? चिरेची टोकं पुन्हा टेकली, एवढंच. मॉड्यूलच्या वहीत नोंद सहसा राहते. तेव्हा दिवा बंद असला तरी जा आणि जुन्या नोंदीही वाचायला सांगा. नुसता कोड पुसून देणाऱ्याला 'कारण काय सापडलं' हे विचारा.

## दिवा लागतच नाही, ही आनंदाची बातमी आहे का?

चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद, बऱ्याच गाड्यांत सहाच्या आसपास, लागून मग विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर दिवाच गेलाय किंवा काढून टाकलाय. वापरलेली गाडी घेताना हे आवर्जून बघा. अपघातात फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नुसतं झाकण बसवून आत रेझिस्टर जोडण्याची फसवणूक होते, आणि मग मॉड्यूलला हजेरी मिळत राहते, दिवाही शहाण्यासारखा वेळेवर विझतो. झाकणाचा रंग, पोत किंवा शिवण बाकीच्या स्टिअरिंगशी जुळत नसेल तर जाणकाराकडून उघडून तपासून घ्या.

रसायनाची तब्येत या हजेरीत कळतच नाही. टकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे वायू तयार करणाऱ्या डब्यामध्ये, अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णतेचे चढउतार सोसून ते खराब व्हायचं, मग अपघातात प्रमाणाबाहेर वेगानं पेटायचं आणि धातूचा डबाच फुटून तुकडे माणसांच्या अंगात घुसायचे. त्यात माणसं गेली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलवावे लागले आणि जून २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. या गाड्यांत इग्नायटरचा रेझिस्टन्स बरोबर असायचा, वायरी शाबूत असायच्या, म्हणून दिवा लागायचं कारणच नव्हतं. अशा गाड्या आजही रस्त्यावर आहेत. गाडी कुठल्याही कंपनीची असो, तिचा १७ अक्षरी चेसिस नंबर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की ती परत बोलावलेल्यांपैकी आहे का हे बहुतेक ठिकाणी कळतं. तशी ती निघाली, तर सदोष भाग कंपनी स्वतःच्या खर्चानं बदलून देते, गाडी तुम्ही कितव्या हातानं घेतलेली का असेना.